दिवाडीचा बोंदेरां: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

ऑगस्टमध्ये गोव्याला निघालो म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "भर पावसात तिथे काय बघणार?" आमचं उत्तर गेली तीन वर्षं एकच आहे: दिवाडी.

जुन्या गोव्याच्या समोर, मांडवीच्या पात्रात हे बेट आहे. मुख्य भूमीवरून तिथे पूल नाही, फेरीबोटीनेच जावं लागतं. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी तिथल्या पिएदाद गावात बोंदेरां असतो, म्हणजे निशाणांचा उत्सव. पोर्तुगीज भाषेत निशाणाला 'बांदेरा' म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं. पोर्तुगीज अमदानीत बेटावरच्या वाड्यांमध्ये, म्हणजे गावातल्या वस्त्यांमध्ये, जमिनीच्या हद्दीवरून भांडणं व्हायची, ती रक्तापर्यंत जायची. मग हद्दी दाखवायला निशाणं रोवायचं ठरलं. ती निशाणं विरुद्ध बाजूचे लोक पाडायचे आणि पुन्हा भांडण पेटायचं. आज त्याच वाड्यांची माणसं आपापली निशाणं घेऊन एकाच रस्त्यावरून नाचत जातात.

२०२३ साली आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा मुंबई-पुण्याकडच्या लोकांच्या सगळ्या चुका केल्या. शनिवारी दुपारी साडेतीनला गाडी घेऊन जुन्या गोव्याच्या धक्क्यावर पोचलो. पुढे गाड्यांची रांग. पलीकडे उतरेपर्यंत मिरवणूक संपत आली होती. आईला मिळाली ती गर्दी, चिखल आणि परतीची दुसरी रांग. पुढच्या दोन्ही वर्षी नीट आखणी करून गेलो आणि तोच दिवस वेगळा वाटला. तुमचं पहिलं वर्ष वाया जाऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

१. आधी तारीख पक्की करा

बोंदेरां चौथ्या शनिवारी असतो, शेवटच्या नाही. ज्या ऑगस्टमध्ये पाच शनिवार येतात त्या वर्षी इथेच घोळ होतो. २०२६ चा ऑगस्ट तसाच आहे: १, ८, १५, २२ आणि २९ हे शनिवार, म्हणजे चौथा शनिवार २२ ऑगस्टला. "महिनाअखेरीचा शनिवार" असं डोक्यात ठेवून २९ चं तिकीट काढाल तर रिकामा रस्ता बघून परत याल. २०२७ मध्ये चौथा शनिवार २८ ऑगस्टला येतो. तिकीट काढण्यापूर्वी गोव्यातल्या कुणाकडून तरी तारखेची खात्री करून घ्या.

दुसरी गोष्ट गणपतीची. २०२५ मध्ये बोंदेरां २३ ऑगस्टला होता आणि गणेश चतुर्थी २७ ला. कोकणात जाणारी प्रत्येक गाडी तुडुंब होती. ज्या वर्षी चतुर्थी ऑगस्टअखेरीस येते त्या वर्षी आरक्षण उघडेल त्याच सकाळी तिकीट काढा. सध्या आरक्षण ६० दिवस आधी उघडतं.

२. पोचायचं कसं

रेल्वेने येणार असाल तर मडगाव किंवा थिवीचं तिकीट काढू नका, करमळीचं काढा. जुन्या गोव्याला सगळ्यांत जवळचं स्टेशन तेच. कोकणकन्या आणि मांडवी या दोन्ही गाड्या तिथे थांबतात. मात्र जूनपासून ऑक्टोबरपर्यंत कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक असतं. गाड्या हळू चालतात आणि सुटण्याच्या वेळा बदलतात. मे महिन्यात पाहिलेली वेळ ऑगस्टमध्ये धरून चालू नका, आमच्या एका नातेवाइकांची परतीची गाडी अशीच चुकली.

पणजीहून जुन्या गोव्याला दिवसभर बस असतात, त्यामुळे पणजीत उतरणाऱ्यांचंही अडत नाही.

स्वतःच्या गाडीने येणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट, जी आम्हाला दुसऱ्या वर्षी कळली. दिवाडीला मागचं दार आहे. बेळगावहून चोर्ला घाटाने उतरलात, की साखळी, डिचोली करत नार्व्याला या. तिथून नदी ओलांडणारी फेरी दिवाडीच्या उत्तर टोकाला उतरवते. सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग या बाजूने येणाऱ्यांनाही डिचोलीमार्गे हेच बरं पडतं. बहुतेक पाहुणे जुन्या गोव्याच्या धक्क्यावर गर्दी करतात, त्यामुळे नार्व्याला आम्हाला दोन्ही वेळा पाच-दहा गाड्यांपेक्षा जास्त रांग लागली नाही. घाटात पावसाळ्यात धुकं आणि दरडी असतात, म्हणून उजेडात घाट उतरेल असं निघा.

३. मुक्काम: शुक्रवारीच पोचा

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं तर हे ठेवा: शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पोचा आणि रविवारी निघा. शनिवारी दुपारी येणाऱ्याला उत्सवाची गर्दी दिसते. शनिवारी सकाळी तिथे असणाऱ्याला गाव दिसतं, आणि बोंदेरां मुळात गावाचा आहे.

बेटावर राहायची सोय आहे, पण थोडी. जुन्या घरांमधल्या मोजक्या खोल्या आणि काही छोटी निवासस्थानं. ती लवकर भरतात, म्हणून जून-जुलैतच फोन करून ठेवा. आगाऊ पैसे भरताना "फेरीपासून चालत किती?" आणि "रात्री गेट किती वाजता लावता?" हे दोन प्रश्न विचाराच. बेटावर नाहीच मिळालं तर रायबंदर किंवा जुनं गोवं बघा, आणि तेही नसेल तर पणजी. समुद्रकिनाऱ्यावर, कळंगुट-बागाकडे राहून दिवाडी करायचा विचार सोडून द्या. अर्धा दिवस रस्त्यातच जातो.

४. सोबत काय हवं

- प्रत्येकाचं ओळखपत्र. खोली देताना सगळ्यांचं मागतात.
- वाहन चालवण्याचा परवाना, गाडीचं आरसी, विमा आणि पीयूसी. डिजिलॉकरमध्ये आधीच उतरवून ठेवा.
- सुट्टे पैसे. छोट्या स्टॉलवर यूपीआय असतं, पण गर्दीत नेटवर्क दम तोडतं.
- रेनकोट. छत्री मिरवणुकीत दुसऱ्याच्या डोळ्यात जाते आणि वाऱ्यात उलटते.
- मागे पट्टा असलेले सँडल. साध्या चपला लाल चिखलात रुततात.
- चष्मा किंवा गॉगल. कारण सहाव्या टप्प्यात सांगतो.
- मोबाइलसाठी झिपची पिशवी, कोरड्या कपड्यांचा एक जोड, छोटी बॅटरी, डासांचं मलम.

दुचाकी भाड्याने घेणार असाल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या. भाड्याची अधिकृत गाडी तीच. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्त मिळते, पण अडवलं की दंड तुम्ही भरायचा. हेल्मेट मागून घ्या आणि ते डोक्यावरच ठेवा.

५. फेरीबोट

फेरी हीच दिवाडीची वेस आहे. दक्षिणेकडे जुनं गोवं आणि रायबंदर, उत्तरेकडे नार्वे, असे तीन मार्ग आहेत. जुन्या गोव्याचा धक्का सापडायला सोपा: व्हाइसरॉयच्या कमानीखालून सरळ नदीकडे चालत जायचं. रायबंदरहून येणाऱ्यांनी मात्र चढण्यापूर्वी "दिवाडी?" असं विचारावं, कारण तिथून शेजारच्या चोडण बेटालाही फेरी जाते. चुकून चोडणला पोचलेले लोक आम्ही पाहिले आहेत.

पायी प्रवाशाला तिकीट नाही. दुचाकीलाही आमच्याकडे कधी पैसे मागितले नाहीत. चारचाकीला थोडं शुल्क असतं. पण बोंदेरांच्या दिवशी चारचाकी बेटावर न्यायचीच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. अलीकडे गाडी लावा आणि पायी चढा. पायी माणसाला पहिल्याच फेरीत जागा मिळते. उतरल्यावर पिएदादपर्यंतचा रस्ता सपाट आहे, दोन्ही बाजूंना भातशेती, बांध आणि पाण्यात उभे बगळे. चालण्यासारखाच रस्ता आहे. ज्येष्ठांना चालवत नसेल तर शुक्रवारीच गाडीने येऊन बेटावर राहा.

बोटीवरची शिस्त समजून घ्या. बोट धक्क्याला लागते, लोखंडी फळी खडखडत खाली पडते, आधी आतले सगळे उतरतात. मग कर्मचारी हाताने खूण करतात: आधी चारचाकी, मग दुचाक्या फटीफटीत, पायी माणसं कडेला. दुचाकीवाल्यांनी फळीवर ब्रेक दाबू नये. ओल्या लोखंडावर चाक सरकतं. पहिला गिअर, पाय खाली, आणि सरळ आत. लहान मुलांना कठड्याशी सोडू नका.

६. शनिवार

सकाळी सातला बाहेर पडा. पाव घेऊन येणारा पोदेर सायकलचा भोंपू वाजवत जातो, त्याच्याकडून गरम पोई घ्या. मग टेकडीवरच्या पिएदादच्या चर्चकडे चढा. १८व्या शतकाच्या सुरुवातीला दिवाडीच्याच एका धर्मगुरूच्या देखरेखीखाली ते नव्याने उभं राहिलं. वरून सगळं बेट दिसतं: शेतं, नदीचे फाटे, पलीकडे जुन्या गोव्याची चर्चं. बाजूच्या दफनभूमीत एक लहान चॅपेल आहे. त्याच्या छताचं दगडी कोरीव काम गोव्याच्या जुन्या कदंब राजांच्या काळातल्या मंदिराचं आहे. आत जाताना आवाज खाली, खांदे-गुडघे झाकलेले, आणि प्रार्थना चालू असेल तर बाहेरच थांबा.

दहा-अकरापर्यंत वाड्यावाड्यांत चित्ररथांची तयारी दिसते. ट्रकवर बांबू, झावळ्या, रंगवलेला थर्मोकोल, शेवटचा खिळा ठोकणारे काका, चेहऱ्यावर रंग लावून घेणारी मुलं. विचारलंत तर लोक मनापासून सांगतात, कुठल्या वाड्याचं निशाण कसं आहे, गेल्या वर्षी बक्षीस कुणाला गेलं. न विचारता कॅमेरा पुढे केलात तर पाठ फिरते, आणि ते योग्यच आहे. घराच्या पुढच्या बैठकीला, बाल्कांवाला, त्यांची ओसरी समजा. बोलावल्याशिवाय चढू नका.

जेवण लवकर उरका. मिरवणूक दुपारनंतर सुरू होते आणि मोक्याच्या जागा त्याआधीच भरतात. चर्चच्या पायथ्याजवळच्या चौकात सगळ्यांत जास्त दाटी होते. लहान मुलं किंवा म्हातारी माणसं सोबत असतील तर चौकाच्या अलीकडे, रस्त्याच्या चढाच्या बाजूला उभे राहा. तिथून चित्ररथ हळू जातात आणि मागे सरकायला जागा असते.

पुढे बँड, मग निशाणं, मग एकेका वाड्याचा रथ. आणि मधूनमधून फट् फट् असे आवाज. ते फोटाश.

फोटाश म्हणजे बांबूची खेळण्यातली बंदूक. २०२४ ला सकाळी एका बाल्कांवावर सत्तरीच्या पुढचे एक आजोबा ती करत बसले होते. आम्ही थबकलो तसे म्हणाले, "यो, बस," आणि आईला खुर्ची दिली. हातभर लांबीची, आतून गुळगुळीत केलेली बांबूची नळी. तिच्यात बरोबर बसेल अशी काठी, तिला एका बाजूने मूठ. नळीत एक हिरवं टणक फळ घालून काठीने दुसऱ्या टोकापर्यंत ढकललं. ते तिथे घट्ट अडकलं. मग दुसरं फळ मागून घातलं आणि काठी जोरात दाबली. दोन फळांमधली हवा दबत गेली आणि पुढचं फळ फट्कन उडून समोरच्या पत्र्यावर आदळलं. मागचं फळ आता पुढच्याच्या जागी. तिसरं घाला, पुन्हा दाबा. काठी नळीपेक्षा दोन बोटं आखूड हवी, नाहीतर पुढचं फळ अडकायच्या आधीच बाहेर पडतं, हे त्यांनी दोनदा दाखवलं. आई कोकणातली. पावसाळ्यात अशाच नळ्या वाजवल्याचं तिला आठवलं, आणि मग पुढचा अर्धा तास त्या दोघांच्या गप्पा अर्ध्या मालवणीत, अर्ध्या कोंकणीत चालल्या. निघताना आम्ही "देव बरें करूं" म्हटलं. आभार मानायला तिथे हेच म्हणतात, शिकून जा.

पूर्वी ही बंदूक समोरच्या वाड्याचं निशाण पाडायला वापरायचे, असं गावकरी सांगतात. आता लुटुपुटीची लढाई असते. तरी ते फळ अंगावर बसलं की चांगलं झोंबतं. गॉगल त्यासाठी. लहान मुलांना पुढच्या रांगेत उभं करू नका, आणि तुम्हाला फोटाश मिळालाच तर तोंडावर नेम धरू नका.

७. खाणं-पिणं

स्टॉलवर चोरीस-पाव (डुकराच्या मांसाचे सॉसेज आणि पाव), रॉस-ऑम्लेट (रश्शातलं ऑम्लेट), सोरपोतेल (डुकराच्या मांसाचा रस्सा) आणि सान्नां (तांदळाच्या उकडलेल्या इडल्या) मिळतात. शाकाहारी मंडळींची पंचाईत होते, हे खरं आहे. पावभाजी-भजी कुठेतरी मिळते, पण भरवशावर राहू नका, सोबत काहीतरी ठेवा. एक पदार्थ मात्र शोधून खा: पातोळ्या. हळदीच्या पानावर तांदळाचं पीठ थापून, आत गूळ-खोबरं भरून उकडलेल्या. आपल्याकडे कोकणात नागपंचमीला होतात त्याच. गोव्यातले ख्रिस्ती लोक त्या १५ ऑगस्टच्या मारियेच्या सणाला करतात, आणि बोंदेरांच्या सुमारासही घरोघरी असतात.

उर्राक, म्हणजे काजूची हलकी दारू, मागू नका. तो काजूच्या हंगामातला, उन्हाळ्यातला. ऑगस्टमध्ये कुणी उर्राक म्हणून देऊ लागलं तर घेऊ नका. फेणी मिळते. पण पिऊन दुचाकी चालवणं आणि ओल्या फळीवरून बोटीत चढवणं, दोन्ही जिवावरचं आहे. एकाने तरी कोरडं राहायचं, हे आधी ठरवा.

८. परतीची फेरी

अंधार पडला की गाणी आणि नाच सुरू होतात, पाय निघत नाही. आणि नेमकं तेव्हाच सगळ्यांना परत जायचं असतं. सकाळी बेटावर उतरल्याउतरल्या धक्क्यावरच्या कर्मचाऱ्याला विचारा, "आज शेवटची फेरी कितीला?" उत्तर लिहून ठेवा. उत्सवाच्या दिवशी वेळ बदलू शकते, म्हणून मागच्या वर्षीच्या ऐकीव माहितीवर विसंबू नका. मुक्काम बेटाबाहेर असेल तर शेवटच्या फेरीच्या किमान दीड तास आधी धक्क्यावर पोचा. कुटुंबाची चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते सकाळीच ठरवा. फोन लागत नाही. आम्ही चर्चच्या पायऱ्या ठरवल्या होत्या, आणि एकदा त्याचा उपयोग झाला.

आपला कचरा आपल्या पिशवीत परत न्या. रविवारी सकाळी गावातली पोरं रस्ते झाडताना दिसतात. आपल्या बाटल्या त्यांनी उचलाव्या, हे पाहुण्याला शोभत नाही.

९. रविवार: देवाच्या वाटेने नार्व्याला

मराठी माणसाने दिवाडीला जाऊन ही सकाळ चुकवू नये. गोव्याच्या कदंब राजांचं कुलदैवत श्रीसप्तकोटेश्वर मूळचं या बेटावरच्या नार्वे गावचं. बहमनी स्वारीत देऊळ मोडलं, विजयनगरच्या माधव मंत्र्याने ते पुन्हा उभारलं, आणि १६व्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडलं. देवाचं लिंग भाविकांनी नदीपलीकडे डिचोली भागात नेलं. ज्या गावात नेलं त्यालाही नार्वेच म्हणतात. बेटावर जुन्या नार्व्यात कोटितीर्थाच्या तळ्याचे अवशेष आहेत. गावात विचारत जा. पाऊस असेल तर पायवाट निसरडी असते, साप-विंचवाचंही भान ठेवा.

ते पाहून उत्तरेच्या धक्क्यावर या आणि फेरीने पलीकडे उतरा. धक्क्यावर रिक्षा असेलच असं नाही, म्हणून दुचाकी सोबत असलेली बरी. सप्तकोटेश्वराचं आजचं मंदिर इथे आहे: ठेंगणं, झाडीत लपलेलं, पुढे दीपस्तंभ. शिखराच्या जागी घुमट आहे. आत जाण्यापूर्वी दाराच्या वर बघा. तिथे शिलालेख आहे: शके १५९०, कार्तिक कृष्ण पंचमी, सोमवार, आणि 'श्रीशिवराज्ञा' हा शब्द. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने देवालयाचं काम त्या दिवशी सुरू झालं, इंग्रजी तारखेने १३ नोव्हेंबर १६६८. दुरुस्तीनंतर २०२३ मध्ये मंदिर पुन्हा खुलं झालं. बरेच जण दर्शन घेऊन लेखाखालून तसेच बाहेर पडतात. अक्षरं बारीक आहेत, बॅटरी नेली असेल तर तिरका प्रकाश टाकून वाचता येतात. आईने एकेक अक्षर जुळवत मोठ्याने वाचलं.

गाभाऱ्यात फोटो काढू नका, आणि पुरुषांनी बर्म्युडा घालून जाऊ नये. गोकुळाष्टमीला इथे नदीत स्नानासाठी मोठी गर्दी होते. ती ऑगस्टमध्ये बोंदेरांच्या जवळपास येत असेल तर फेरीला वेळ लागतो, तासभर हाताशी ठेवा.

चोर्ल्याने घरी परतणाऱ्यांची वाट इथूनच सुरू होते: नार्वे, डिचोली, साखळी, घाट. रेल्वेने जाणाऱ्यांनी पुन्हा बेट ओलांडून जुन्या गोव्याला उतरावं. गाडीला वेळ असेल तर तिथला हातकातरो खांब बघून घ्या. रस्त्यालगत एकटा उभा असलेला काळा दगडी खांब आहे, तो सप्तकोटेश्वराच्याच देवळाचा असल्याचं सांगितलं जातं. तिथून करमळी स्टेशन जवळच आहे, पण रविवारी रिक्षा लवकर मिळत नाही. सकाळीच कुणाशी तरी बोलून ठेवा आणि त्यांचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा.